साकवाचं प्रेझेंटेशन

भाऊसो निकमांना बायकोने नोटीस दिली ती चहाचा कप हातात देता देता.

"येत्या पावसाळ्याच्या आत ओढ्यावर साकव झाला न्हाई, तर मी पुण्याला मल्हारकडं जाणार. तुमी ऱ्हावा हितं ओढ्याचं पाणी बघत," संयोगिताबाई म्हणाल्या आणि चहात साखर घातलीय की नाही हे न सांगता आत निघून गेल्या. भाऊसोंनी उभी हयात सरकारी कचेरीत काढली होती, हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते. नोटिशीची भाषा त्यांना बरोबर कळत होती. ही तोंडी असली तरी तिच्यावर अपील नव्हतं.

आता बाईंचं तरी काय चुकलं म्हणा. शिवतेज कॉलनी रहिमतपूरच्या पार टोकाला, आणि टोक संपलं की ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे कॉलनी. प्लॉट विकणाऱ्याने सगळ्यांना ऐन मे महिन्यात आणून जागा दाखवली होती. "ओढा कुठला, पायवाट हाय ती," असं तो म्हणाला आणि खरंच त्या दिवशी तिथे शेळ्या बसल्या होत्या. पुढे जूनमध्ये शेळ्या उठल्या आणि पाणी आलं ते गुडघ्याला लागलं. गाडीने जायचं तर कॅनॉलच्या रस्त्याने सगळ्या शिवाराला वळसा. म्हणून माणसं ओढ्यातल्या दगडांवरून जायची. गेल्या वर्षी आखाड लागायच्या आधीच्या शेवटच्या मुहूर्तावर एका लग्नाला जाताना संयोगिताबाई त्याच दगडांवरून घसरल्या आणि घोटा मोडला. प्लास्टर निघालं, पण भीती काही निघाली नाही. पावसाळाभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. हळदीकुंकू नाही, भजनी मंडळ नाही, बहीण गावात राहते तिच्याकडेही नाही.

आणि भाऊसोंना पुण्याची धास्ती होती. मल्हारचा फ्लॅट उंच मजल्यावर. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी एका गृहस्थांना आपुलकीने "काय पावणं, गाव कंचं?" असं विचारलं, तर त्या गृहस्थांनी कानातलं काहीतरी काढून "सॉरी?" म्हटलं. भाऊसोंनी परत विचारलं नाही. पण तेव्हापासून पुणं म्हटलं की त्यांना तो "सॉरी" ऐकू यायचा. बायको पुण्याला गेली तर आपल्यालाही जावं लागणार हे ते जाणून होते, कारण त्यांना चहासुद्धा धड करता येत नव्हता.

तर भाऊसोंनी साकवासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलासाठी, अर्ज लिहिला. "सविनय सादर" पासून "आपला विश्वासू" पर्यंत असा अर्ज की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. तो घेऊन ते साताऱ्याला जिल्हा परिषदेत गेले. तिथल्या टेबलावरच्या पोराच्या वयाच्या साहेबाने अर्ज न वाचताच बाजूला ठेवला आणि सांगितलं, "काका, पुढच्या आठवड्यात मोठ्या मॅडमची बैठक आहे. गावोगावची माणसं येणार. तिथं प्रेझेंटेशन करा. प्रोजेक्टर तुमचा तुम्ही आणा, आमचा रिपेरीला आहे." ज्या माणसाच्या टिपणीवर साहेब लोक डोळे झाकून सही करायचे, त्याला आता चित्रं दाखवायला सांगत होते. भाऊसो बसस्टँडवर आले, उसाचा रस प्याले आणि तोही त्यांना कडू लागला.

कॉलनीची बैठक मारुतीच्या देवळात भरली. सगळ्यांचं एकमत झालं की प्रेझेंटेशन फारूकला द्यावं. फारूकचं गावात फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहावी पास, सगळे फ्लेक्स त्याचेच, शिवाय लग्नाचे फोटोही तोच काढतो. माणूस सोन्यासारखा आणि कामाला वाघ. पण त्याने हयातीत केले ते फ्लेक्स, त्यामुळे प्रेझेंटेशनही फ्लेक्सच झालं. पहिल्या पानावर गणपती. दुसऱ्यावर "कॉलनीचे आधारस्तंभ". तिसऱ्यावर "मार्गदर्शक". त्यापुढे पानंच्या पानं "शुभेच्छुक", गोल गोल फोटोंत.

"फारूक, ह्यात ओढा कुठाय?" भाऊसोंनी विचारलं.

"हाय की. शेवटच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात."

"अरे, ओढ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"आवं भाऊसो, ओढा काय रुसणार हाय व्हय? मान्सं रुसत्यात."

हे मात्र खरं होतं. ज्यांचा फोटो राहिला ते भाऊसोंशी बोलेनासे झाले. ज्यांचा आला त्यांना तो शेजारच्यापेक्षा लहान वाटला. सुभेदार तात्याबा तर युनिफॉर्ममधला फोटो घेऊन स्वतः दुकानात जाऊन बसले आणि मेडल दिसेपर्यंत उठले नाहीत. या सगळ्या गडबडीत भाऊसोंचाच फोटो मिळेना. शेवटी पेन्शनच्या कागदांवरचा ब्लॅक अँड व्हाईट सापडला. तो फिका दिसतो म्हणून फारूकने शोभेला भोवती झेंडूची महिरप घातली, दोन्ही बाजूंना समया ठेवल्या आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "मा. भाऊसो निकम". भाऊसोंना तो फोटो बघून जरा कसंसंच झालं, पण कारण लक्षात आलं नाही.

प्रोजेक्टर मल्हारने पुण्याहून पाठवला. मॅच बघायला घेतलेला, जेवणाच्या डब्याएवढा. त्यावर दोन तऱ्हांनी दाखवता येतं असं तो फोनवर म्हणाला. एक तर मोबाईलवरून, वायर न लावता. नाहीतर मेमरी कार्ड त्याच्या खाचेत घालून. झालं, कॉलनीत दोन तट पडले.

"वायरलेस म्हंजी दुश्मन बी ऐकतंय," सुभेदार तात्याबा म्हणाले. "आमी सरहद्दीवर बघितलंय. कार्ड खिशात आन् खिसा आपल्या अंगावर. बात खतम."

"सुभेदार, दुश्मन कशाला बगंल आपला ओढा?" फारूक म्हणाला. "कार्ड आता कोन वापरतं? मोबाईलवर बोट लावलं की पडद्यावर. मॅडमवर इम्प्रेशन पडतंय."

भाऊसोंनी कचेरीतल्या शिस्तीप्रमाणे निकाल दिला. मोबाईल ही मूळ प्रत, कार्ड ही स्थळप्रत. दोन्ही न्यायचं. मल्हारने सांगितलं की हा डबा कार्डवरची फक्त चित्रं दाखवतो, म्हणून फारूकने एकेका पानाचं चित्र केलं आणि आपल्याकडचं एक कार्ड काढून त्यात भरलं. इथवर सगळं रीतसर होतं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी भाऊसोंच्या व्हरांड्यात रंगीत तालीम ठरली. दोरीवर पांढरी चादर, समोर स्टुलावर डबा. फारूकने भाऊसोंचा मोबाईल घेतला, पडद्यावर नावं आली त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि सगळे चादरीकडे बघू लागले. चादर कोरीच. फारूकने पानं पुढे केली, मागे केली, आवाज वाढवला, कारण त्याने मागे हळू बासरीही लावली होती. बासरी कुठूनतरी ऐकू येत होती, पण डब्यातून नाही.

ती येत होती शेजारच्या बनुबाईंच्या घरातून. बनुबाई एकट्या, गुडघ्यांनी दुखणाईत, आणि त्यांच्या लेकाने त्यांना भला मोठा नवा टीव्ही घेऊन दिलेला. त्या सातच्या मालिकेत रमल्या होत्या. सासूने सुनेवर हात उगारला, आणि एकदम सून गेली, सासू गेली, आणि झेंडूच्या महिरपीत, दोन समयांच्या मध्ये, बासरीच्या सुरात भाऊसो निकम प्रकट झाले. ब्लॅक अँड व्हाईट.

आता आपल्याकडे माणसाचा असा फोटो कधी लावतात ते बनुबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. बरं, टीव्हीवर दाखवलं म्हणजे खरंच. त्यांनी पहिल्यांदा गॅस बंद केला. शेजारी माणूस गेल्यावर आपल्या घरी शिजवायचं नसतं. मग कोरेगावच्या भाचीला फोन केला. मग गल्लीतल्या दोन घरी सांगितलं, "निकमांच्यात पिठलं-भाकरी द्या गं करून, बाईच्या पोटात काय नसंल." आणि एवढी कर्तव्यं पार पाडून, पदर डोळ्याला लावून त्या कुंपणाशी आल्या, तर भाऊसो खुर्चीवर बसून चादरीला शिव्या घालत होते.

"आवं, तुमी हाय व्हय?" बनुबाई म्हणाल्या. "मग टीव्हीवर कोन गेलं?"

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. फारूकने डब्याऐवजी बनुबाईंच्या टीव्हीच्या नावावर बोट ठेवलं होतं. तोवर दोन्हीकडून पिठलं आणि भाकरी आल्या. भाऊसोंना तो आपला उघड अपमान वाटला. पण संयोगिताबाईंनी पातेली ठेवून घेतली. "आलंय तर खाऊ या. माझा स्वयंपाक वाचला," त्या म्हणाल्या. भाऊसोंनी स्वतःच्या सुतकाचं पिठलं खाल्लं, आणि खोटं कशाला बोला, ते झालं होतं फक्कड. दोनदा घेतलं. कोरेगावला फोन करून ते जिवंत असल्याचं कळवलं. पण कोरेगावने पुढे कुणाकुणाला कळवलं होतं ते कोरेगावला आता आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघे जण साताऱ्याला निघाले. इस्त्रीच्या सफारीत भाऊसो, मेडल लावून तात्याबा आणि मांडीवर डबा घेऊन फारूक. हॉल गच्च भरलेला. कुणाला शाळेची खोली हवी, कुणाला स्मशानाची शेड. समोर मॅडम बसलेल्या, बाजूला एक इंजिनिअर, दर कामाला "तांत्रिकदृष्ट्या बघावं लागेल" म्हणणारा. शिवतेज कॉलनीचं नाव पुकारलं. फारूकने या वेळी नाव चारदा वाचून बोट ठेवलं आणि भिंतीवर गणपती आला. भाऊसोंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घसा खाकरला.

"सन्माननीय मॅडम आणि व्यासपीठावरील..."

गणपती गेला. भिंतभर अक्षरं आली, "म्हसवड दाजी", आणि भाऊसोंचा मोबाईल खणाणू लागला. फारूकने घाईने फोन कापला. मोबाईलवर जे दिसतं ते सगळं भिंतीवर दिसतं, हे त्याच्या लक्षात येईतो वर एकाखाली एक निरोप येऊन बसले. "भाऊसो गेले. लय सालस माणूस." त्याखाली, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली, "माती किती वाजता? आमी एसटीत बसलोय." आणि सगळ्यात शेवटी रहिमतपूरच्याच एका चुलतभावाचा, "त्यांच्याकडं आमची शिडी हाय. घाई न्हाई."

सगळा हॉल गंभीर झाला. एकदोघे उठून उभेही राहिले. मॅडमनी चष्मा काढला.

"अरेरे. भाऊसो म्हणजे तुमचे कोण?"

"मीच, मॅडम," भाऊसो म्हणाले.

मॅडमनी शिपायाला खूण करून त्यांना पाणी द्यायला लावलं. भाऊसोंना वाटलं, जमीन दुभंगावी. तेवढ्यात तात्याबांनी विजयी चेहऱ्याने फारूकच्या हातातून मोबाईल काढून घेतला. "सांगितलं हुतं का न्हाई? घाल आता कार्ड."

कार्ड घातलं. भिंतीवर एक तरुण आला, उघड्या अंगाचा, डोक्यापासून पायापर्यंत हळद फासलेला, आणि चार बायका त्याच्या कानात हळद कोंबताना. पुढच्या फोटोत त्याच बायका नाचत होत्या.

"हे कुठलं काम?" इंजिनिअरने विचारलं.

"आमचा वीरधवल हाय," तात्याबा पटकन म्हणाले. "पुतण्या."

फारूकचा चेहरा उतरला. ते त्याच्या लग्नाच्या कॅमेऱ्यातलं कार्ड होतं. वीरधवलचं अख्खं लग्न त्यात तसंच राहिलं होतं, आणि डबा जुने फोटो आधी दाखवत होता. पुढे ढकलायला रिमोट लागतो, आणि रिमोट रहिमतपुरात चादरीच्या घडीत राहिला होता. फोटो आपापल्या गतीने सरकत होते. हॉलमध्ये खसखस पिकली. भाऊसो मान खाली घालून उभे होते. बाई पुण्याला चालली, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

आणि मग हॉल हळूहळू गप्प झाला, म्हणून त्यांनी वर बघितलं.

भिंतीवर ओढा होता. दोन्ही थड्यांना टेकून चाललेला, गढूळ, फेसाळ. नवरदेव ट्रॅक्टरवर उभा, बाशिंगाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. बँडवाले ढोल डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलेले. एक म्हातारा दोघांच्या खांद्यावर. आणि मग पुढचा फोटो. काठापदराचं लुगडं नेसलेल्या संयोगिताबाई कमरेएवढ्या पाण्यात बसलेल्या, एक हात वर केलेला, तोंड उघडं. त्यांच्या चार पावलं पुढे सफारीतला एक माणूस, आहेराची पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, मान ताठ, नजर पलीकडच्या काठावर. त्यापुढच्या फोटोत फारूकची बायको जरिना आणि आणखी दोघी संयोगिताबाईंना उचलत होत्या. सफारीवाला काठावर पोचला होता आणि आहेर भिजला का ते बघत होता.

डबा तापला होता. तो नेमका तिथंच अडकला.

भाऊसोंनी तो फोटो कधी पाहिला नव्हता. त्यांना अगदी मनापासून वाटत होतं की त्या दिवशी आपणच धावत मागे गेलो आणि तिला उचललं. कित्येकांना त्यांनी तसं सांगितलंही होतं.

"त्या बाईंच्या पुढं गेलाय तो माणूस कोण?" मॅडमनी विचारलं. आवाज कडक होता.

तात्याबा सावधानमध्ये उभे राहिले. सैनिक खोटं बोलत नाही. "ह्येच, मॅडम. मगाशी वारले ते."

हॉल फुटला. इंजिनिअरसुद्धा हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्या भाऊसोंकडे बघत राहिल्या. भाऊसोंच्या हातात टाचण होतं, पण त्यातलं एक अक्षर त्यांना दिसेना.

"मॅडम, ह्या माझ्या मिसेस," ते म्हणाले. "इथंच त्यांचा पाय मोडला. मी पुढं होतो. मला वाटत होतं मी मागं वळलो होतो. पण न्हाई वळलो, दिसतंयच ते. आता त्या ह्या ओढ्यात पाय घालायला तयार न्हाईत. माझं दुसरं काही म्हणणं न्हाई."

इंजिनिअर म्हणाला की तो ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो आणि तांत्रिकदृष्ट्या... मॅडमनी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मी सोमवारी येते बघायला. त्या बाईंनाही भेटायचंय मला."

भाऊसो घरी पोचले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. म्हसवडचे दाजीही पोचले होते, रडायच्या तयारीने आलेले, आता पिठलं खात होते. संयोगिताबाईंनी ताट वाढलं. भाऊसो घास हातात धरून बसले.

"मी पुढं होतो," शेवटी ते म्हणाले.

"मला ठाऊक हाय की," संयोगिताबाई म्हणाल्या. "मी मागं हुते."

"कवा बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? आहेर भिजला न्हाई, ह्ये काय कमी हाय?" आणि त्यांनी ताटात भाकरी वाढली. त्या रागावल्या असत्या तर भाऊसोंना बरं वाटलं असतं.

सोमवारी मॅडम आल्या. कॅनॉलला पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, ते फुटून ओढ्याला आलेलं, त्यामुळे इंजिनिअरचा कोरडा ओढा चांगला पोटरीभर वाहत होता. गाडी गावाकडच्या काठावर थांबली. सत्काराची सगळी तयारी कॉलनीकडच्या काठावर. शाल, नारळ, फेटा, आणि शुभेच्छुकांची रांग, फोटोतल्याच क्रमाने. मॅडम पलीकडे, सत्कार अलीकडे, मध्ये पाणी.

"त्या बाई कुठायत?" मॅडमनी पलीकडून हाक देऊन विचारलं.

संयोगिताबाई दरडीवर उभ्या होत्या. प्लास्टर निघाल्यापासून त्या इतक्या खाली कधी आल्या नव्हत्या. "चला, मी नेतो सत्कार," म्हणून भाऊसोंनी सवयीने ताट उचललं, शाल भिजू नये म्हणून वर धरलं आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. दुसऱ्या दगडावर ते थांबले. मागे वळले, परत काठावर आले आणि ताट तात्याबांच्या हातात दिलं.

मग त्यांनी बायकोपुढे हात केला. भर दिवसा, सगळ्या कॉलनीसमोर. लग्नात सप्तपदीला धरला असेल तेवढाच, त्यानंतर चारचौघांत या माणसाने बायकोचा हात धरलेला कुणी पाहिला नव्हता. बनुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"लोक बगत्यात," संयोगिताबाई पुटपुटल्या.

"बगू दे."

त्या उतरल्या. एक दगड, थांबायचं, दुसरा दगड. भाऊसो आडवे चालत होते, तोंड बायकोकडे, त्यामुळे त्यांचाच पाय दोनदा पाण्यात गेला आणि सफारी गुडघ्यापर्यंत भिजली. मधल्या दगडावर संयोगिताबाईंचा तोल गेला, तशा मॅडम बघत राहिल्या नाहीत, साडी वर धरून समोरून पाण्यात उतरल्या आणि त्यांचा दुसरा हात धरला. त्या झटापटीत मॅडमची एक चप्पल सुटली. "पकडा, पकडा," म्हणत तात्याबा ताटासकट धावले, पण चप्पल कृष्णेच्या दिशेने निघून गेली होती आणि पाठोपाठ नारळही. मॅडम एका पायाने अनवाणी काठावर चढल्या आणि इंजिनिअरकडे वळल्या.

"माप घ्या. हा साकव याच पावसाळ्याच्या आत व्हायला पाहिजे. आणि तांत्रिकदृष्ट्या काही असेल तर आधी तुम्ही इथून चालून दाखवा."

इंजिनिअरने टेप काढला. पलीकडून टाळ्या पडल्या, शुभेच्छुकांनी एकमेकांचेच सत्कार उरकून घेतले. संयोगिताबाई गावाच्या काठावर उभ्या होत्या, लुगड्याचा काठ ओला, दम लागलेला. भाऊसो अजून त्यांचा हात धरून होते.

"सोडा आता," त्या हळूच म्हणाल्या. "आलो की पलीकडं."

"परत घरी जायचंय न्हवं," भाऊसो म्हणाले.

संयोगिताबाईंनी ओढ्यापलीकडच्या आपल्या घराकडे बघितलं, आणि हात तसाच राहू दिला.